शेतघर कोणाचे?

(रायगड जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मुख्य भाग)

अभ्यासवर्गाच्या कार्यक्रमपत्रिकेत किमान वेतन, पाणी आणि ग्रामपंचायतींचा कारभार या विषयांच्या शेजारी 'फार्महाऊसमधील सुट्टी' हे शब्द वाचून आपल्यापैकी अनेकांना हसू आले. तरीही संयोजकांनी सुचविलेला हा विषय मी आनंदाने स्वीकारला. कारण या जिल्ह्यात जमिनीचा प्रश्न आज ज्या वेषात वावरतो आहे तो हाच वेष आहे. शनिवारी पहाटे मुंबईहून निघालेल्या मोटारी कर्जत, खालापूर आणि अलिबागच्या रस्त्यांना लागतात. २०२० साली भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी घेऊन येणारी बोट सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा सागरी पूल खुला झाला, आणि मुंबईच्या पैशाला हा जिल्हा अंगणाइतका जवळ आला. त्या पैशाने येथे काय विकत घेतले, हे आपण तपासले पाहिजे.

आरंभीच एक गैरसमज दूर करतो. विश्रांती हा श्रीमंतांचा चोचला आहे असे समाजवाद्यांनी कधीही मानलेले नाही. आठ तासांच्या दिवसासाठी आणि भरपगारी रजेसाठी कामगार चळवळीने रक्त आटवले आहे. १९३६ साली फ्रान्समध्ये समाजवाद्यांच्या नेतृत्वाखालील सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना अधिनियमाने, वर्षात २४० दिवस काम करणाऱ्याला दर वीस दिवसांमागे एक दिवस रजेचा हक्क दिला. मुंबईचा गिरणी कामगार ही रजा घेऊन कोठे जात असे? शिमग्याला, गणपतीला आणि पुष्कळदा भातकापणीला तो कोकणात आपल्या घरी जात असे. त्याची सुट्टी शेतावरच जात होती. मात्र ते शेत त्याच्या भावाचे असे आणि रजेतले निम्मे दिवस विळा हातात घेऊन सरत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, तशी ती रजाही गेली. तेव्हा शहरातील माणसाला मोकळी हवा हवीशी वाटते, मुलांना भाताचे रोप दाखवावेसे वाटते, यात गैर काही नाही. एखाद्या शिक्षकाने किंवा बँकेतील कारकुनाने दोन दिवस चुलीवरची तांदळाची भाकरी आणि वालाचे बिरडे खाल्ले म्हणून त्याला वर्गशत्रू ठरविण्याचा पोरकटपणा आपण करू नये.

प्रश्न तो ज्या घरात उतरतो त्या घराचा आहे. एकाच प्रकारच्या पाटीखाली आज दोन अगदी भिन्न घरे उभी आहेत. एक घर शेतकऱ्याचे आहे. त्याने आपल्या घराला दोन खोल्या जोडल्या, पाहुण्यांना जेवूखाऊ घातले आणि भाताच्या उत्पन्नाला थोडी पुरवणी मिळविली. दुसरे घर शहरातील धनिकाचे आहे. त्याने शेतकऱ्याची जमीन घेतली, तिच्याभोवती भिंत घातली, आत बंगला आणि पोहण्याचा तलाव बांधला, आणि आता तो बंगला रात्रीच्या भावाने पाहुण्यांना देतो. जाहिरातीत दोन्ही 'शेतावरील घरे'च असतात, आणि दोन्हीकडे बैलगाडीचे चाक भिंतीला टेकवून ठेवलेले असते.

कायद्याच्या दृष्टीने शेतघर म्हणजे काय, हे ऐकण्यासारखे आहे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने त्याची व्याख्या केली. शेतीची अवजारे, खत आणि वैरण ठेवण्यासाठी, धान्य साठविण्यासाठी, गुरांच्या निवाऱ्यासाठी, जमीनधारकाच्या कुटुंबीयांच्या, नोकरांच्या वा कुळांच्या राहण्यासाठी, किंवा शेतीच्या व्यवस्थेचा अविभाज्य भाग म्हणून उभारलेले बांधकाम ते शेतघर. या व्याख्येत गोठा आहे, वैरण आहे, आणि लक्षात घ्या, कूळसुद्धा आहे. आज तिच्या आडोशाला जे उभे आहे त्यात या तिन्हींपैकी काहीच नाही. वैरणीच्या जागी हिरवळ आहे. तिला उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाणी लागते, आणि ती कोणतेही जनावर खात नाही.

दोन वर्षांपूर्वी एका नातेवाइकांच्या आग्रहावरून कर्जत तालुक्यातील अशा एका ठिकाणी पावसाळ्यात दोन दिवस राहण्याचा योग आला. स्थळाचे नाव सांगण्याचे कारण नाही. तसली ठिकाणे तेथे हारीने आहेत. व्यवस्था उत्तम होती. देखभालीसाठी एक तरुण जोडपे फाटकाजवळच्या एका खोलीत राहत होते. पहिल्या संध्याकाळी त्या तरुणाशी गप्पा मारताना मी सहज विचारले, येथे पूर्वी काय होते? त्याने हिरवळीकडे हात करून एकेक खाचर नावाने दाखविले. हे जांभळीचे, हे उखळातले, पलीकडे बंगला आहे तेथे राब भाजण्याची जागा होती. मी म्हटले, "तुम्हाला बरीच माहिती आहे." तो म्हणाला, "दादा, आमचीच होती ना. आज्याने कुळात मिळवलेली." हे त्याने इतक्या सहजपणे सांगितले, की त्यात काही दुःख आहे असे त्याला वाटत असावे हेही ऐकणाऱ्याला जाणवू नये.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसाठी 'भातलावणीचा अनुभव' असा कार्यक्रम होता. बंगल्यामागे एक खाचर त्यासाठीच राखून ठेवले होते. शहरातील मंडळी हौसेने चिखलात उतरली, आवणाच्या मुठी हातात घेऊन त्यांनी छायाचित्रे काढली, आणि अर्ध्या तासाने हातपाय धुऊन ती न्याहारीला गेली. त्यानंतर जवळच्या कातकरी वाडीतील तीन बायका आल्या आणि वेडीवाकडी लागलेली रोपे उपटून त्यांनी तेच खाचर पुन्हा लावले. पाहुण्यांनी अनुभवासाठी पैसे मोजले होते. बायकांना अर्ध्या दिवसाची मजुरी मिळाली. त्या एका खाचराखेरीज मालकाच्या सहा-सात एकरांत भाताचे एक रोप नव्हते.

मी त्या तरुणाला विचारले, एवढी जमीन मोकळी आहे, मालक तुम्हालाच का कसायला देत नाहीत? तो हसला. "कूळ लागेल ना, दादा."

साथींनो, या चार शब्दांपाशी आपण थोडे थांबू. कूळ लागण्याची भीती! ती या मातीत कोठून आली? कर्जतहून दक्षिणेला, अलिबाग तालुक्यात, पोयनाडजवळ चरी नावाचे गाव आहे. १९३३ च्या ऑक्टोबरात चरी आणि भोवतालच्या पंचवीस गावांतील कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांची जमीन न कसण्याचा निर्धार केला. खाडीचे पाणी बांध घालून अडवावे, खारवट जमीन वर्षानुवर्षांच्या कष्टाने गोडी करावी, आणि पिकाचा मोठा हिस्सा खोताच्या कोठारात नेऊन घालावा, हा तेथील क्रम होता. मोबदल्यात कुळाच्या नावावर काहीही नव्हते. खोताची मर्जी फिरली की जमीन गेली. संप सहा वर्षे चालला. जगाच्या इतिहासात इतका दीर्घकाळ चाललेले शेतकऱ्यांचे संप शोधावे लागतील. खाचरे ओस पडली. लोकांनी रानातला लाकूडफाटा विकला, रानमेवा विकला, उपास काढले, पण नांगर धरला नाही. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीच्या शेतकरी परिषदेला आले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला. १९३९ च्या कायद्याने कुळाला काही संरक्षण दिले, १९४८ च्या कायद्याने ते वाढविले, खोती गेली, आणि १ एप्रिल १९५७ हा दिवस 'कृषक दिन' ठरून कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. त्या तरुणाच्या आज्याला 'कुळात' जमीन मिळाली ती अशी.

त्याच १९४८ च्या कायद्याच्या ६३ व्या कलमाने, शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन घेण्यास मनाई केली. कुळकायद्याने मिळालेली जमीन विकण्यावर ४३ व्या कलमाचे बंधन होते. ही कलमे लिहिणाऱ्यांना ठाऊक होते, की जमीन एकदा कसणाऱ्याच्या हाती देणे पुरेसे नाही, ती त्याच्या हाती राहावी यासाठीही कुंपण हवे. २०१४ साली या कुंपणाला मोठे खिंडार पडले. खरेदी-प्रमाणपत्रास दहा वर्षे झाली असतील, तर जमीन महसुलाच्या आकारणीच्या चाळीस पट रक्कम भरून ती जमीन परवानगीवाचून विकण्याची मुभा देण्यात आली. चाळीस पट हा आकडा ऐकायला भारी वाटतो. पण आपल्या सातबाऱ्यावरील आकार काढून पाहा. तो रुपया-पैशांत असतो. सहा वर्षांच्या उपासाने जे मिळविले त्याला लावलेले कुलूप मुंबईतल्या एका जेवणाच्या खर्चात उघडू लागले.

घेणाऱ्याने शेतकरी असावे ही अट राहिली. तिची वाट कशी काढतात हे तलाठी कचेरीत बसणाऱ्या कोणालाही विचारा. दूरच्या जिल्ह्यात कोणा आप्ताच्या सातबाऱ्यावर नाव चढवावे, तेथून शेतकरी असल्याचा दाखला आणावा, आणि येथे जमीन घ्यावी. आदिवासींच्या जमिनीबाबत संहितेत १९७४ साली कडक कलम घालण्यात आले, म्हणून ठाकूर-कातकऱ्यांची थोडीफार जमीन वाचली. परंतु कातकऱ्याजवळ मुळात जमीन होतीच किती? ज्या वाडीत त्याची झोपडी आहे ती वाडीही पुष्कळ ठिकाणी दुसऱ्याच्याच सातबाऱ्यावर उभी आहे. वाडीलगतची जमीन बंगल्यासाठी विकली गेली, की प्रथम पाऊलवाट बंद होते, मग विहिरीवर जाण्याची वाट बंद होते. एप्रिल-मे महिन्यांत एका बाजूला तलाव कूपनलिकेच्या पाण्याने भरलेला आणि भिंतीच्या दुसऱ्या बाजूला हंड्यांची रांग, हे दृश्य पाहण्यासाठी फार लांब जावे लागत नाही.

येथे एक आक्षेप येतो आणि तो आपल्यातीलच काही साथी घेतात. ते म्हणतात, शेतकऱ्याने जमीन राजीखुशीने विकली, त्याला लाखो रुपये आले, त्याचे त्याने घर बांधले, मुलीचे लग्न केले. तुम्ही कोण त्याला अडविणारे? हा प्रश्न प्रामाणिक आहे. २०१५-१६ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातील सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर भरली. या भागातील भातशेती त्याहून तुटपुंजी आहे. एकाच पिकावर, पावसाच्या भरवशावर आणि पडेल भावावर कुटुंब चालत नाही. जून २०२० च्या निसर्ग वादळाने किनाऱ्यावरील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. नवे झाड फळाला येण्यास जी वर्षे लागतात, त्या वर्षांत घरात काय शिजवायचे? नेमका तेव्हाच दलाल दारात येतो. घरात आजारपण निघाले, मुलाच्या शिक्षणाचे शुल्क भरायचे आले, की तो पुन्हा येतो. म्हणून 'राजीखुशी' हा शब्द मी जपून वापरीन. पण शेतकऱ्याला केवळ विकू नका असे सांगून आपली सुटका होणार नाही, हेही तितकेच खरे. जमीन राखून चार पैसे मिळण्याची वाट आपण दाखवू शकलो, तरच आपल्या बोलण्याला अर्थ आहे.

म्हणूनच मला पहिल्या प्रकारच्या घराबद्दल आस्था आहे. राज्य सरकारने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. किमान एक एकर जमीन असलेल्या शेतकऱ्याला नोंदणी करून पाहुणे ठेवण्याची सोय त्यात झाली. सरकारी धोरण म्हणून आपण नाक मुरडण्याचे कारण नाही. ज्या घरात मी अनेकदा उतरतो असे अलिबागकडचे एक कुटुंब आहे. त्यांची जमीन दीड एकर, भात आणि त्यामागून पांढरा कांदा. माघ-पौषाच्या थंडीत पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी. पाहुणे येतात ते त्यांच्याच ओटीवर बसतात, आणि मागची पडवी खोली म्हणून देतात. निघताना प्रत्येक पाहुणा कांद्याची एक माळ आणि पाच-दहा किलो तांदूळ घेऊन जातो. व्यापाऱ्याचा हिस्सा मधून गळतो, म्हणजे खोलीच्या भाड्याइतकाच लाभ त्या पिशवीत असतो. जमीन पडीक ठेवून हे जमणार नाही. ती कसली जाते म्हणूनच पाहुणा येतो.

मात्र त्या घरातही एक हिशेब कोणी मांडत नाही. पहाटे चारला चूल कोण पेटवते? दहा माणसांच्या भाकऱ्या कोण थापते, चादरी कोण धुते, आणि त्यानंतर शेतात निंदणीला कोण जाते? पाहुणे 'वहिनींच्या हाताची चव' म्हणून वाखाणतात आणि पैसे दादांच्या हाती देतात. सातबाऱ्यावर वहिनींचे नाव नाही, बँकेतील खात्यावर नाही, नोंदणीच्या अर्जावर नाही. शेतकरी संघटनेशी आपले अनेक मुद्द्यांवर मतभेद झाले. पण त्यांच्या लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत शेतकऱ्यांनी स्वतः होऊन पत्नीच्या नावे जमीन करून दिली, हे आपल्याला मान्य करावे लागेल. स्त्री-पुरुष समतेवर ठराव करण्यात आपण मागे नव्हतो. सातबारा बदलण्यात मात्र ते आपल्या पुढे गेले.

आता त्या फाटकाजवळच्या खोलीकडे परत जाऊ. त्या जोडप्याला पगार एकच मिळत होता, नवऱ्याचा. पत्नी स्वयंपाक आणि सफाई करीत होती ती 'राहायला जागा दिली आहे' या सबबीवर. साप्ताहिक सुट्टी नाही. सगळ्या जगाला शनिवार-रविवार असतो तेव्हाच त्यांचा हंगाम. बंगल्याचे दोन रात्रींचे भाडे त्यांच्या महिन्याच्या पगाराहून अधिक होते. हजेरीपट नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, आणि दोन-तीन वर्षांनी माणूस बदलण्याची मालकांची रीत, कारण पुन्हा तेच, कूळ लागेल ही भीती. या भीतीने जमीन पडीक ठेवली जाते, कसणाऱ्याला हिस्सा दिला जात नाही, नोकराला स्थिर होऊ दिले जात नाही. त्यातच २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. खातेदाराने आपल्या पिकाची नोंद आपणच मोबाइलवरून करायची. सोय म्हणून ठीक आहे. पण प्रत्यक्ष कसणारा दुसराच असेल तर त्याचे नाव कागदावर येण्याची जी थोडी शक्यता तलाठ्याच्या बांधावर येण्याने राहत होती, तीही क्षीण झाली.

आपण काय मागावे? धोरणात शेतकरी हा शब्द आहे. त्याचा अर्थ दाखला बाळगणारा असा न होता जमीन स्वतः कसणारा असा व्हावा, आणि पर्यटन केंद्राची नोंदणी करताना मागील तीन वर्षांत त्या जमिनीत काय पिकले हे ग्रामसभेपुढे वाचले जावे. नोंदणी पती-पत्नी दोघांच्या नावे असावी. पाहुण्यांना भाड्याने दिलेल्या बंगल्यांतील देखभालीचे काम करणाऱ्या दोघांनाही स्वतंत्र वेतन, आठवड्यातून एक दिवस सुट्टी आणि नियुक्तीचे पत्र मिळावे. ही माणसे विखुरलेली आहेत, म्हणून त्यांची संघटना गावागावांतून आपल्यालाच बांधावी लागेल. पाण्याबाबत मी लांबण लावीत नाही. वाडीची विहीर आटली असताना तलाव भरणार नाही, एवढा साधा ठराव ग्रामपंचायत करू शकते. तो अंमलात आणण्याची हिंमत तिच्यात आहे का, हे आपल्या तेथील सभासदांवर अवलंबून आहे. आणि २०१४ ची दुरुस्ती फिरविण्याची मागणी आपल्या पक्षाने विधिमंडळाबाहेर तरी जोराने केली पाहिजे, आत आपली संख्या कितीही असो.

एक अप्रिय गोष्ट बोलून टाकतो. पुरोगामी म्हणविणाऱ्या शहरी मंडळींतही 'गावाकडे छोटीशी जागा' घेण्याची लाट आहे. निवृत्तीनंतर झाडे लावू, पुस्तके वाचू, असे ते म्हणतात, आणि त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. पण ती छोटीशी जागा कोणाची होती, तिच्यावर कोणाचे कूळ होते, विकणारा आज कोठे आहे, हे प्रश्न त्यांनी खरेदीखताआधी विचारावेत, आणि आपण मित्र म्हणून त्यांना ते विचारायला लावावेत. संकोच वाटेल. चालेल.

उद्या दुपारच्या सत्रात प्रत्येक तालुक्याच्या साथींनी एक काम वाटून घ्यायचे आहे. आपापल्या एका गावाची गाव नमुना सहाची फेरफार नोंदवही पाहायची, आणि २०१४ नंतर कुळकायद्याच्या जमिनींचे किती फेरफार झाले, घेणारे कोठले, आज त्या जमिनीत भात आहे की भिंत, याची यादी करायची. उतारे संगणकावरही दिसतात, परंतु मी म्हणेन, बांधावर जा. फाटकाजवळच्या खोलीचे दार ठोठवा आणि तेथील माणसाला खाचरांची नावे विचारा. ती नावे कोणत्याही नमुन्यात नोंदलेली नाहीत, तीही लिहून आणा. महिनाअखेर याद्या जिल्हा कचेरीत पोहोचल्या पाहिजेत.